फुकटचे शंभर बुट्टे

प्रत्येक घरात एक पिशव्यांची पिशवी असते बघा. कोणी मुद्दाम जमवत नाही, पण बाजारातून येता येता जमत जातात, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळ्या अंगावर येतात. मेहरोत्रा साहेबांचे किस्से माझ्याकडे असेच जमलेत. परवा भाचीने मैत्रिणीच्या लग्नाचं आमंत्रण मोबाईलवर दाखवलं. कोपऱ्यात आंबा, खाली वेल, आणि अक्षरं अशी नटवलेली की त्यात नवरी कोण, नवरा कोण ते कळेना! मी एकटीच हसत सुटले. भाची म्हणाली, "मावशी, बरी आहेस ना?" म्हटलं, चहा टाक आणि बस इथे. हे एका कपात संपणारं नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही लखनौला होतो. आमचे हे रेल्वेच्या संशोधन खात्यात इंजिनियर, त्यामुळे मानक नगरला क्वार्टर. मी सांगलीची, अप्लाइड आर्ट शिकलेली. कॉलनीत स्वेटर विणून विणून कंटाळले होते. एक दिवस हिंदी पेपरात जाहिरात दिसली, 'सुंदर लिखावट वाली महिला चाहिए.' मी ह्यांना दाखवली. हे म्हणाले, "जाऊन बघ. पण तुझं लग्न झालंय हे आधी सांग."

मानक नगरहून टेम्पोने आलमबाग, तिथून दुसऱ्या टेम्पोने महानगर नावाच्या वस्तीत. तिथल्या कपूरथला बाजारामागे एका घराचा वरचा मजला. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक लेझर प्रिंटर आणि खुर्चीत मेहरोत्रा साहेब. धंदा काय, तर नक्षीदार हिंदी फॉन्ट बनवून छापखान्यांना विकायचे! साहेबांनी पहिल्याच दिवशी मला धंद्याचं तत्त्वज्ञान सांगितलं. "मैडम, यूपी में छपती हैं दो ही चीज़ें, शादी और चुनाव. और दोनों में कोई सादा अक्षर नहीं चाहता!"

*

काम असं चालायचं. मी एकेक अक्षर वीतभर मोठं ट्रेसिंग पेपरवर काढायचं. ते स्कॅन करायचं. मग पांडे नावाचा आमचा टेक्निकल हेड त्याच्या कडेने ठिपके लावत लावत ते कॉम्प्युटरमध्ये बसवायचा. टेक्निकल म्हणजे तोच आणि हेडही तोच, कारण तिथे दुसरं कोणीच नव्हतं!

साहेबांना रिकामी जागा बघवत नसे. मी 'क' काढून नेला की ते चष्मा वर करून म्हणायचे, "यहाँ जगह ख़ाली दिख रही है." मग तिथे फूल. 'ब'च्या पोटात पान. एकदा त्यांना वाटलं, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरच्या रेघेला एक घंटी लटकवावी. मी म्हटलं, "सर, एका ओळीत चाळीस घंट्या होतील." तर खुश होऊन म्हणाले, "तभी तो शादी लगेगी!"

घंटीवाला फॉन्ट तयार झाला. पहिलं कार्ड छापलं साहेबांच्याच शेजाऱ्याच्या मुलीचं. त्या गर्दीत लॉनचं नाव कोणाला वाचता येईना. निम्मे पाहुणे अंदाजाने भलत्याच लॉनवर गेले. तिथेही लग्न होतंच. बिचाऱ्यांनी आहेर दिला, पोटभर जेवले आणि नवरदेवाबरोबर फोटो काढून घरी आले. शेजारी दुसऱ्या दिवशी कार्ड नाचवत वर आला. साहेब शांतपणे म्हणाले, "भाई साहब, कार्ड देखने की चीज़ है. पढ़ने के लिए तो अख़बार होता है!"

*

फॉन्टला नाव द्यायचं तर कोणाचं? ज्या बाईने तो काढला तिचं? छे! साहेब घरातल्या माणसांची नावं द्यायचे. मोठी मुलगी, धाकटी मुलगी, आई, मावशी. त्यातला बायकोच्या नावाचा फॉन्ट, 'सुधा', खरोखर सुंदर झाला होता. माझाच होता म्हणून म्हणत नाही. बारीक, शांत, नक्षी अगदी बेताची. त्यात साहेबांचं लक्ष नव्हतं म्हणून तो वाचला.

सुधा शहरभर खपला. फक्त कशासाठी खपला हे आम्हाला जरा उशिरा कळलं. लग्नाच्या कार्डाला तो फिका वाटायचा, पण तेराव्याच्या कार्डाला एकदम फिट्ट! हळूहळू लखनौत कोणी वारलं की छापखानेवाला घरच्यांना विचारायचा, "सुधा लगा दूँ?"

सुधा भाभींना हे ठाऊकच नव्हतं. एक दिवस भिशीत कोणी मैत्रीण सहज बोलून गेली, "हमारे जेठजी की तेरहवीं का कार्ड आपके नाम में छपा है, बहुत शोभा आई." भाभी तशाच जिना चढून ऑफिसात. साहेब टेबलामागे उभे आणि आम्ही दोघं स्कॅनरमागे. भाभी एवढंच म्हणाल्या, "मेरे जीते जी?"

साहेबांनी त्याच दुपारी फॉन्टचं नाव बदललं आणि मेव्हण्याचं दिलं. पुढे घरातल्या एका मुंजीत मेव्हणा सगळ्यांदेखत त्यांच्या पाया पडला. म्हणाला, "जीजाजी, आपने मुझे अमर कर दिया!"

*

आता पांडेचं ऐक. पांडे गोंडा जिल्ह्यातल्या खेड्यातला. सरळ मुलगा, मान खाली घालून काम करणारा. नवा फॉन्ट तयार झाला की त्यात काहीतरी लिहून प्रिंट काढून बघावी लागते. पांडेला सुचेना की लिहायचं काय. म्हणून तो प्रत्येक वेळी एकच मजकूर टाइप करायचा. "पूज्य पिताजी, सादर चरण स्पर्श. मैं यहाँ कुशल से हूँ. आप मेरी चिंता न करें."

आणि प्रिंट निघालीच आहे, तर कागद कशाला फुकट घालवा? तो ती पाकिटात घालून घरी पाठवून द्यायचा!

त्या पावसाळ्यात आम्ही लागोपाठ पाच फॉन्ट काढले. एक दिवस आलमबागच्या बस अड्ड्यावरून विचारत विचारत पांडेचे वडील ऑफिसात हजर. हातात छत्री आणि पाच पत्रं. बिचारे घाबरलेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बिटिया, सच-सच बताओ. पाँच चिट्ठी, पाँचों में एक ही बात, और हर बार लिखावट अलग. एक में तो घंटियाँ लटकी हैं. लड़का किसके क़ब्ज़े में है?"

मी त्यांना आत नेलं, पांडे दाखवला, कॉम्प्युटर दाखवला, चहा दिला. त्यांनी मुलाकडे बराच वेळ पाहिलं. तेवढ्यात साहेब बाहेर आले आणि पांडेवर ओरडले, "अरे, इसमें और फूल डालो, फूल!" म्हाताऱ्याने छत्री उचलली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. "समझ गया," म्हणाले, "इनके क़ब्ज़े में है."

*

निवडणुकीचा एक सांगते आणि मग खऱ्या गोष्टीवर येते. एका वॉर्डातले दोन उमेदवार, एकमेकांचे कट्टर वैरी. दोघांनाही स्वतःसाठी खास फॉन्ट हवा. "ऐसा कि देखते ही हमारा लगे." साहेबांनी दोघांनाही हो म्हटलं आणि मला सांगितलं, "मैडम, एक ही बनाइए. इनका दाएँ झुका दीजिए, उनका बाएँ." झालं! वॉर्डातल्या सगळ्या भिंतींवर अक्षरं एकमेकांच्या अंगावर कलायला लागली.

दोघंही पडले. निवडून आला तिसराच, ज्याने एका पेंटरला हाताशी धरून चुन्याने नाव रंगवलं होतं. पडलेले दोघं एकाच सकाळी तक्रार घेऊन आले आणि आमच्या बाकावर शेजारी शेजारी बसले. साहेबांनी दोघांच्याही पाठीवर हात ठेवला. "देखिए, मैंने तो आप दोनों को बराबर का दर्जा दिया था!"

*

मग दिल्लीच्या एका कंपनीचे फॉन्ट बाजारात आले आणि आमचे खपेनात. साहेब चार दिवस न खपलेले डबे मोजत बसले, पाचव्या दिवशी टाळी वाजवली. "मुफ़्त!" म्हणाले. फॉन्टच्या डब्यात एक जादा फ्लॉपी घालायची आणि त्यात लखनौच्या चिकनकामाचे शंभर बुट्टे. आंबे, वेली, जाळ्या, मासे. कार्डावर वाटेल तिथे चिकटवा. फॉन्ट विकत, बुट्टे फुकट!

पण बुट्टे आणायचे कुठून? मी शोधत शोधत चौक नावाच्या जुन्या पेठेतल्या एका गल्लीत गेले आणि अच्छन चाचा भेटले. सत्तरीचे, दाढी पांढरी, कानामागे पेन्सिल. ते शिसवी लाकडाचे ठप्पे कोरायचे. चिकनचं काम सुरू होण्याआधी कापडावर निळ्या रंगात हेच ठप्पे मारतात. त्या निळ्या रेघेवरून बायका टाके घालतात. काम पुरं झालं की कापड धुतात, आणि निळी रेघ पाण्याबरोबर निघून जाते. मग लोक टाक्यांचं कौतुक करतात, दुकानाचं नाव घेतात. रेघ कोणी काढली होती हे विचारायला रेघच उरत नाही.

हे सगळं चाचांनीच मला सांगितलं, तेही अजिबात कुरकुर न करता. मग हातातली छिन्नी खाली ठेवून म्हणाले, "बेटी, पचपन बरस से बना रहा हूँ. एक भी चीज़ नहीं जिस पर उँगली रखकर पोते से कहूँ कि ये तेरे दादा की है. डिब्बे पर नाम आ जाएगा?"

मी म्हटलं, "येणार. सगळ्यात आधी तुमचंच येणार." साहेबांना विचारायच्या आधीच शब्द देऊन बसले. पण साहेबांना सांगितलं तेव्हा तेही छातीवर हात ठेवून म्हणाले, "चाचा का नाम नहीं आएगा तो किसका आएगा?" आता आणखी काय हवं होतं?

चाचा रोज यायला लागले. पायरीशी चपला काढायच्या, आल्याबरोबर सगळ्यांना आदाब, अगदी कॉम्प्युटरलाही. ठप्पा कागदावर उमटवायचे आणि कुठे रेघ दबली असेल तिथे पेन्सिलीने दुरुस्त करून द्यायचे. पांडेने एकदा वेळ वाचवायला अर्धंच पान घेतलं आणि कॉम्प्युटरने उलटं करून दुसरी बाजू जोडली. चाचा पडद्याकडे बघत राहिले. "माशाअल्लाह, मियाँ," म्हणाले, "बहुत साफ़ है. बस, पत्ती मर गई." पांडेने ते पान निमूटपणे पुसलं आणि अख्खं काढलं.

*

ह्याच दिवसांत साहेबांच्या डोक्यात एक कल्पना आली. ठप्पा कागदावर मारायचा, मग कागद स्कॅनरवर ठेवायचा, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? "बीच में काग़ज़ क्यों? सीधे मशीन पर छापो, क्वालिटी अच्छी आएगी!" आम्ही नको नको म्हणेपर्यंत त्यांनी शाईत बुडवलेला आंबा स्कॅनरच्या काचेवर दाणकन मारला.

वरची शाई पुसली. पण कडेने आत गेली ती गेलीच, आणि काचेच्या खालच्या बाजूला अर्धा आंबा कायमचा बसला. त्यानंतर जे काही स्कॅन करू त्यावर कोपऱ्यात तो हजर! एका गिऱ्हाइकाने मुलीच्या स्थळासाठी फोटो स्कॅन करून नेला, तर आंबा नेमका मुलीच्या गालावर. मुलाकडच्यांनी विचारलं की हा डाग जन्माचा आहे का. बाप संतापून आला. साहेबांनी फोटो जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाले, "अच्छा ही हुआ. नज़र नहीं लगेगी!"

*

शंभर बुट्टे पुरे झाले. डब्याचं कव्हर मी केलं. वर फॉन्टचं नाव, आणि खाली, छान मोकळ्या जागेत, 'बूटों के रचनाकार: उस्ताद अच्छन मियाँ, चौक.' प्रिंट काढून साहेबांपुढे ठेवली. त्यांनी ती तिरकी धरून पाहिली.

"मैडम, ये नाम हटाइए."

मी म्हटलं, "सर, आपण शब्द दिलाय."

"वादा अपनी जगह है. चौक लिख दिया तो ग्राहक सीधा चौक जाएगा. और सोचिए, कंप्यूटर के डिब्बे पर ठप्पेवाले का नाम! लोग क्या समझेंगे?" मग माझ्या मागे उभे राहून त्यांनी मला नवीन ओळ सांगितली. 'समस्त बूटों के मूल रचनाकार: श्री मेहरोत्रा जी.' 'जी' स्वतःच लावायला सांगितला.

आणि मी टाइप केली! कोणी माझा हात धरला नव्हता. मी चाचांचं नाव निवडलं, डिलीटचं बटण दाबलं, आणि ते गेलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तू नोकरी सोडायला हवी होतीस." बरोबरच होतं. सोडली नाही. दोन दिवस स्वयंपाकात लक्ष नव्हतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा टेम्पोत बसले. लाज वाटत होती, ती टेम्पोत माझ्या शेजारी बसून रोज येत होती.

डबे छापून आले त्या दिवशी साहेबांनी मिठाई मागवली. चाचा इस्त्रीची शेरवानी घालून आले. त्यांना उर्दू वाचता यायचं, नागरी नाही. डबा दोन्ही हातांत घेऊन त्यांनी माझ्यापुढे धरला. "बेटी, उँगली रखकर बताओ, कहाँ है?"

साहेब तिकडे पेढे वाटत होते. मी म्हटलं, "नाही आहे, चाचा. काढून टाकलं. मीच काढलं."

चाचांनी डबा फिरवून चारही बाजूंनी पाहिला. चारही बाजूंना त्यांचेच आंबे, त्यांच्याच वेली, त्यांचेच मासे. "अच्छा," ते म्हणाले. "जगह कम पड़ गई होगी." डबा अलगद टेबलावर ठेवला, सगळ्यांना आदाब केला आणि पेढा न घेता जिना उतरून गेले.

साहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बुरा तो नहीं माने ना?" मग स्वतःच उत्तर दिलं. "नहीं नहीं. लखनऊ के आदमी हैं, बुरा नहीं मानते."

*

डबे तुफान खपले. आणि दोनच महिन्यांत बाजारातल्या एका कॉम्प्युटरवाल्याने आमच्या फ्लॉपीच्या नकला काढून, 'माउस के साथ सौ डिज़ाइन मुफ़्त' अशी पाटी दुकानावर लावली. साहेब पेटले! "मेरी मुफ़्त की चीज़ वो मुफ़्त कैसे बाँट सकता है?" तक्रार गेली व्यापार मंडळाच्या अध्यक्षांकडे. अध्यक्ष म्हणजे एक वयस्कर मिठाईवाले. बाजारातली सगळी भांडणं त्यांच्याच दुकानामागच्या खोलीत मिटायची.

साहेबांनी मला साक्षीला नेलं. खोलीत बाजारातले दहा-पंधरा दुकानदार गाद्यांवर बसलेले. अध्यक्षांनी आधी साहेबांना विचारलं, "जब आप मुफ़्त दे ही रहे थे, तो चोरी क्या हुई?" साहेब म्हणाले, "सवाल पैसे का नहीं, नाम का है! कलाकार के पास नाम के सिवा होता क्या है?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी भिंतीकडे बघत बसले.

माउसवाला म्हणाला की डिझाइनं त्याच्या पुतण्याने काढलीत. पुतण्या कुठाय? तर कानपूरला. अध्यक्षांनी दोघांकडे पाहिलं आणि एक कोरा कागद मधे ठेवला. "सीधी बात है. जिसने बनाए हैं, वो अभी एक आम बनाकर दिखाए."

माउसवाला खाली बघायला लागला. साहेब मात्र हसले! त्यांना हे आधीच सुचलं होतं. सकाळीच गाडी घेऊन, मिठाईचा पुडा घेऊन ते स्वतः चौकात गेले होते. दारातून त्यांनी अच्छन चाचांना हाताला धरून आत आणलं. चाचा तीच शेरवानी घालून आले होते. सगळ्यांना आदाब करून गादीच्या कडेला बसले.

"चाचा, बना दीजिए एक आम," साहेब म्हणाले.

"ठहरिए," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी चष्मा लावला, डबा उचलला आणि मोठ्याने वाचलं, "'समस्त बूटों के मूल रचनाकार: श्री मेहरोत्रा जी.' तो ये बुज़ुर्ग किसलिए आए हैं?"

साहेबांनी रुमाल काढला. "वो... छपाई में ज़रा... मैडम, आप बताइए ना!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सर, जो छपा है वो मैंने ही टाइप किया था. आप पीछे खड़े थे."

माउसवाल्याने मान वर केली. मागच्या गादीवर कोणीतरी खाकरलं. साहेब घाईघाईने चाचांच्या पुढ्यात गुडघ्यावर बसले. "चाचा, आप ही कह दीजिए! सबके सामने कह दीजिए कि आम किसने बनाए!"

चाचांनी डब्याकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे, मग साहेबांकडे. आवाज नेहमीसारखाच मऊ.

"हुज़ूर, डिब्बे पर साहब का नाम छपा है. इतने पढ़े-लिखे आदमी को मैं भरी महफ़िल में झूठा कह दूँ? ये गुस्ताख़ी मुझसे न होगी."

मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, शेरवानीच्या बाहीला पुसली आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरली.

"बिस्मिल्लाह कीजिए."